शत्रूने काढलेला नकाशा : श्रीपूर ते विजयदुर्ग

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातले आमचे श्रीपूर हे उसाचे गाव. चंद्रशेखर आगाशे यांच्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना इथे आला आणि त्याच्याभोवती गाव वाढले. जानेवारीत कधी इकडे आलात, तर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग दिसेल, मळीचा वास येईल आणि ऊसतोड मजुरांच्या पालांवर सकाळचा धूर तरंगताना दिसेल. पाणी म्हणाल तर भीमा, नीरा आणि कालवा. समुद्र आमच्या मुलांनी फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेला.

अशा गावातून आम्ही प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेल्या सुट्टीत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून विजयदुर्गला गेलो. कारणे दोन होती. पहिले कारण तुळाजी आंग्रे. हा दर्यावर्दी सरदार विजयदुर्गावर राज्य करत होता आणि १७५६ मध्ये इंग्रजांचे आरमार त्याच्यावर चालून आले, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याचा शेवट कुठे झाला, ते फारसे कुणी सांगत नाही. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने नोंदवले आहे की पेशव्यांनी त्याला आधी साताऱ्याजवळच्या वंदन किल्ल्यावर कैदेत ठेवले, नंतर सोलापूरला हलवले आणि तिथेच तो मरण पावला. जन्मभर समुद्रावर वावरलेला माणूस आमच्या कोरड्या जिल्ह्यात येऊन संपला. एवढ्यासाठी तरी त्याचे घर पाहून यावे, असे आम्हाला वाटत होते.

दुसरे कारण घरातले. आमची लेक सातवीत आहे. तिच्या वर्गात इतिहासाचा तास चालू असताना जंजिऱ्याच्या सिद्दीचा उल्लेख आला आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा तिला म्हणाला, "तुमचा सिद्दी." मुलगा वाईट नाही, घरी येणारा-जाणारा आहे. शिक्षकांनी त्याला दटावलेही. पण लेक घरी आली ती गप्पच. रात्री जेवताना तिने विचारले, "अब्बा, लढाईच्या नकाशात शत्रूचा बाण लाल असतो. आपला बाण कुठला?"

आम्ही स्वतः शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. दोन्ही भाषांत या प्रश्नाचे एका वाक्यातले उत्तर आमच्याकडे नव्हते. तेव्हा ठरवले, की उत्तर सांगण्याऐवजी तिला एका लढाईची जागाच दाखवावी. ज्या लढाईत कोण कुणाच्या बाजूने होते हे पाहिल्यावर लाल आणि निळ्या बाणांचा हिशेब लागत नाही, अशी जागा.

आरमार येताना दिसते तेव्हा

निघण्याआधी आठवडाभर घरी तयारी चालली होती. शत्रूचे आरमार येत असल्याचे जुने नकाशे जगात कुठे कुठे आहेत, हे आम्ही मुलांसोबत शोधले. सर्वांत प्रसिद्ध आहेत ते १५८८ चे. त्या वर्षी स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने इंग्लंडवर सुमारे १३० जहाजांचे आरमार पाठवले. इंग्रजांनी पुढे त्या मोहिमेचे नकाशे तयार केले. रॉबर्ट ॲडम्सने काढलेले नकाशे १५९० मध्ये छापले गेले. इंग्लंडचा किनारा, त्यावर छोटी छोटी गावे, आणि समुद्रात चंद्रकोरीच्या आकारात सरकत येणारी शत्रूची जहाजे. पुढच्या नकाशात तीच चंद्रकोर थोडी पुढे आलेली, तिच्या पाठीमागे इंग्रज जहाजे लागलेली. एकामागून एक पाने उलटली की लढाई डोळ्यांसमोर सरकते.

त्याच लढाईचे शाई आणि रंगांनी हाताने काढलेले दहा नकाशे काही वर्षांपूर्वी विकले जाऊन इंग्लंडबाहेर जाणार होते. तिथल्या सरकारने निर्यात थांबवली, लोकांनी आणि संस्थांनी मिळून सहा लाख पौंड उभे केले आणि २०२१ मध्ये ते नकाशे पोर्ट्स्मथच्या नौदल संग्रहालयासाठी राखून ठेवले. चारशे वर्षांपूर्वी शत्रू आपल्या दारात कसा आला होता, हे दाखवणारा कागद जपावा असे त्यांना वाटले.

धाकट्याने लगेच विचारले, "मग आपल्याकडचा असा नकाशा कुठे आहे?"

आपल्या किनाऱ्याचेही नकाशे आहेत. पण एक फरक आहे. इंग्लंडचे नकाशे, ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांनी काढलेले आहेत. कोकण किनाऱ्याचे बरेचसे जुने नकाशे, जे हल्ला करायला आले त्यांनी काढलेले आहेत.

पोर्तुगीजांपासून ही गोष्ट सुरू होते. मार्च १५०८ मध्ये चौलच्या बंदरात मिसरच्या ममलूक सुलतानाचा सरदार अमीर हुसेन आणि गुजरातच्या सुलतानाचा दीवचा सुभेदार मलिक अयाज यांनी मिळून पोर्तुगीज आरमाराचा पराभव केला. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेडा त्या लढाईत मारला गेला. त्याचा बाप फ्रान्सिस्को द अल्मेडा सूड घ्यायला निघाला. वाटेत डिसेंबर १५०८ च्या अखेरीस त्याने आदिलशाहीचे दाभोळ बंदर जाळले, बायकामुलांसह माणसे कापली आणि फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवची लढाई जिंकली. तीस वर्षांनी जुआंव द कास्त्रो नावाचा पोर्तुगीज अधिकारी गोव्याहून दीवकडे निघालेल्या आरमारासोबत हाच किनारा पाहत गेला. त्याने वाटेतल्या बंदरांची चित्रे काढली, पाण्याची खोली मोजली, खडक कुठे आणि वाळू कुठे ते लिहून ठेवले. दाभोळ आणि चौल त्याच्या वहीत आहेत. चित्रे सुंदर आहेत. पण ती कशासाठी काढली होती, हे विसरून चालत नाही.

घाट उतरताना

पंढरपूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर असे करत आम्ही दुपारी गगनबावड्याला पोहोचलो. सोबत दादी होत्या. वय सत्तरीच्या पुढचे, पण गाडीत त्यांच्याइतके ताजेतवाने कुणीच नव्हते. घाट उतरू लागलो तशी हवा बदलली. आमच्याकडची कोरडी थंडी मागे राहिली आणि अंगाला चिकटणारा दमटपणा आला. "हवेत मीठ आहे गं," असे म्हणून दादींनी खिडकीची काच आणखी खाली केली.

तळेऱ्याला मुंबई-गोवा महामार्ग लागतो. तिथून विजयदुर्गाचा रस्ता पश्चिमेला जातो. आम्ही आधी उजवीकडे वळून खारेपाटणला थांबलो. खारेपाटणला मुसलमानांची जुनी वस्ती आहे. एके काळी खाडीतून व्यापारी गलबते इथपर्यंत येत. सफरीतली कसर नमाज अदा करून, सोबत आणलेली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन आम्ही पुढे निघालो. चटणीच्या वासावरून आमचा जिल्हा ओळखणारे एक गृहस्थ तिथे भेटले. ते पंढरपूरला नोकरीला होते म्हणे!

वाटेत आम्ही मुलांना शब्दांचा एक खेळ दिला. जहाजाशी संबंधित मराठी शब्द सांगायचे. सुकाणू, नाखवा, तांडेल, सारंग, खलाशी, बंदर, दर्या. मग त्यांचे मूळ शोधायचे. सुकाणू अरबी 'सुक्कान'वरून आलेला. नाखवा म्हणजे फारसी नाखुदा, जहाजाचा धनी. सारंग म्हणजे सरहंग. बंदर आणि दर्या तर सरळ फारसी. ज्या मौसमावर सगळी जहाजे चालत, तो शब्द अरबी. कोकणातला भंडारी, कोळी, गाबीत, दालदी, कुणीही जहाजावर चढला की तो हेच शब्द बोलतो. समुद्रावर काम करणाऱ्यांची भाषा अशी सामायिक झालेली आहे.

आणि आमच्या पेशाचा एक शब्द. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त जहाजावरच्या माणसांची यादी आहे. त्यात नाखुदानंतर नाव येते मुअल्लिमचे. पाण्याची खोली, उथळ जागा आणि आकाशातले तारे जाणणारा, जहाजाला सुखरूप वाट दाखवणारा तो मुअल्लिम. उर्दूत मुअल्लिम म्हणजे शिक्षक. लेक हसून म्हणाली, "म्हणजे अब्बा, तुम्ही जहाज चालवू शकता!"

या मुअल्लिमांकडे विद्या मोठी होती. पंधराव्या शतकातल्या अरब इब्न माजिदने हिंदी महासागरातल्या वाटांवर मोठे ग्रंथ लिहिले, काही तर पद्यात, म्हणजे तांडेलांना पाठ करता यावेत. ताऱ्याची उंची ते बोटांनी मोजत. १५५४ मध्ये वादळात सापडून गुजरातच्या किनाऱ्याला लागलेला उस्मानी आरमारप्रमुख सैयदी अली रईस याने अहमदाबादेत बसून अरब मुअल्लिमांच्या ग्रंथांवरून तुर्कीत 'मुहीत' हे पुस्तक लिहिले. पण या विद्येचा मोठा भाग माणसांच्या डोक्यात होता. बाप मुलाला सांगायचा, मुलगा नातवाला. कागदावर उतरलेली विद्या पेटीत घालून दुसऱ्या देशात नेता येते आणि तिकडच्या दिवाणखान्यात बसून तिच्यावर बेत आखता येतो. डोक्यातली विद्या माणसासोबत जाते.

तटावर

विजयदुर्ग वाघोटन खाडीच्या मुखाशी, दक्षिणेच्या बाजूला उभा आहे. तीन बाजूंना समुद्र आणि खाडी, एका बाजूने जमीन. एकाआड एक असे तीन तट. शेजारच्या गिर्ये गावावरून इंग्रज त्याला 'घेरिया' म्हणत आणि त्यांच्या सगळ्या नकाशांत हेच नाव आहे. आधी आदिलशाहीकडे असलेला हा किल्ला शिवाजी महाराजांनी घेतला आणि पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे झाला. खाडीत थोडे आत खडक कोरून केलेली गोदी आहे, सुमारे ३५५ फूट लांबीची. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यायचे, ओहोटीला डागडुजी करायची. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली दगडी भिंत आहे आणि तिच्यावर आपटून शत्रूची जहाजे फुटत, असेही इथे सांगतात.

आम्ही उत्तरेकडच्या तटावर जाऊन बसलो. ज्या पाण्यातून इंग्रज आरमार आत आले, ते पाणी तिथून समोर दिसते. लेकीने वही उघडली. रॉबर्ट ऑर्म याच्या इतिहासात या मोहिमेचे तपशील आहेत. ते आम्ही एकेक करून सांगत गेलो आणि ती नकाशा काढत गेली.

पहिले पान : डिसेंबर १७५५. मुंबईतल्या इंग्रजांना या बंदराची नीट माहिती नव्हती. त्यांनी आधी कमोडोर विल्यम जेम्स याला 'प्रोटेक्टर' आणि आणखी दोन जहाजे देऊन नुसते पाहायला पाठवले. तुळाजीचे आरमार बंदरात उभे होते. तरी जेम्स किल्ल्याच्या तोफेच्या टप्प्यापर्यंत आला, सगळे निरखले आणि महिनाअखेरीस मुंबईला परतला. लेकीने तीन छोटी जहाजे काढली आणि त्यांच्यापासून मुंबईकडे परत जाणारी तुटक रेघ.

त्या काळी खोली मोजायची रीत साधी होती. दोरीला शिशाचा गोळा, दोरीवर वावावावावर खुणा. गोळ्याच्या बुडाला चरबी लावत, म्हणजे तळाची वाळू किंवा चिखल तिला चिकटून वर येई. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते ती लांबी, सुमारे सहा फूट. जुन्या आरमारी नकाशांवर पाण्यात विखुरलेले जे आकडे दिसतात, ते हेच. त्यावरून कुठले जहाज किल्ल्याच्या किती जवळ नेता येईल ते ठरते. तोफांची संख्या त्यानंतर येते.

दुसरे पान : ११ फेब्रुवारी १७५६. ॲडमिरल चार्ल्स वॉटसनचे आरमार किल्ल्यासमोर आले. ऑर्मच्या हिशेबाने सगळी मिळून १४ जहाजे. त्यांत ७०, ६४, ६० आणि ५० तोफांची मोठी जहाजे, गोळे फेकणाऱ्या पाच नावा. जहाजांवर ८०० गोरे सैनिक आणि १००० हिंदी शिपाई. जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख रॉबर्ट क्लाइव्ह. लेकीने शिपायांचा आकडा दोनदा विचारला. "हजार आपले?" हो, हजार आपले.

आणि त्याच पानावर, किल्ल्याच्या पूर्वेला, जमिनीच्या बाजूने आणखी एक फौज काढावी लागते. ती पेशव्यांची. नानासाहेब पेशव्यांचे आणि तुळाजीचे पटत नव्हते. तुळाजी पेशव्यांचा हुकूम मानत नव्हता. म्हणून पेशव्यांनी १७५५ मध्ये मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. त्या वर्षी एप्रिलमध्ये जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला होता, आता विजयदुर्गाची पाळी होती. बोलणी करायला तुळाजी मराठ्यांच्या छावणीत गेला होता आणि किल्ला आपल्या मेव्हण्याच्या हवाली केला होता. त्याची आई, बायका आणि मुले आत होती.

लेक पेन्सिल धरून बसून राहिली. "लाल बाण कुठून काढू?" तिने विचारले. समुद्रातून? जमिनीवरून? इंग्रजांच्या जहाजांवरच्या हजार शिपायांचा कुठल्या रंगाचा?

"बेटा, सगळं पेन्सिलीनंच काढ," दादी म्हणाल्या. "रंग नंतर बघू."

एका तासात

तिसरे पान : १२ फेब्रुवारी. दुपारी समुद्राकडून वारा सुटल्यावर जहाजे दोन रांगा करून खाडीत शिरली. सातवीतल्या मुलीला हे चटकन समजते, कारण खारे वारे आणि मतलई वारे तिच्या पुस्तकात आहेत. दिवसा जमीन तापते, समुद्रावरची हवा जमिनीकडे येते. वॉटसनने त्या वाऱ्याची वाट पाहिली. आम्ही बसलो होतो तेव्हाही तोच वारा सुटला होता आणि दादींचा पदर सावरता सावरत नव्हता.

जहाजांनी किल्ल्याच्या उत्तर बाजूला रांग धरली आणि तोफा सुरू केल्या. तुळाजीची गुराबे आणि गलबते बंदरात एकमेकांना बांधून उभी होती. त्यांत 'रेस्टोरेशन' नावाचे एक जहाज होते, ते आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेले. एक पेटता गोळा त्याच्यावर पडला. दोर एकमेकांत अडकलेले, वारा जमिनीकडे वाहणारा. आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली आणि थोड्याच वेळात सगळे आरमार जळून गेले. कान्होजी आंग्र्यांपासून दोन पिढ्यांनी उभी केलेली ताकद संध्याकाळच्या आत पाण्यात राख होऊन पडली.

पेशव्यांच्या फौजेने आधी किल्ल्यात शिरू नये, म्हणून क्लाइव्हने रातोरात माणसे उतरवून जमिनीची वाट धरली. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. आतली संपत्ती, सुमारे दहा लाखांची, इंग्रजांनी आपापसांत वाटून घेतली. मित्र म्हणवणाऱ्या पेशव्यांना त्यातले काही मिळाले नाही. किल्ला ताब्यात मिळायलाही ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले आणि बदल्यात बाणकोट इंग्रजांकडे राहिले. पुढे डॉमिनिक सेर्स नावाच्या चित्रकाराने या हल्ल्याचे मोठे चित्र रंगवले. ते लंडनमधल्या ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे. विल्यम जेम्स वारल्यावर त्याच्या पत्नीने लंडनमध्ये १७८४ साली त्याच्या स्मरणार्थ मनोरा बांधला. त्या मनोऱ्याचे नाव 'सेव्हर्नड्रूग', म्हणजे आपला सुवर्णदुर्ग.

चौथे पान आमच्या लेकीने आपणहून मागितले. "ती जहाजं पुढं कुठं गेली?" ती बंगालला गेली. वॉटसनची 'केंट', 'टायगर' आणि 'सॅलिसबरी' ही जहाजे मार्च १७५७ मध्ये चंद्रनगरवर तोफा डागत होती. वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी त्याआधी जानेवारीत कलकत्ता परत घेतले होते आणि जूनमध्ये प्लासीला सिराज-उद्-दौला हरला. विजयदुर्ग ते प्लासी हे अंतर सोळा महिन्यांचे. शाळेच्या पुस्तकात हे दोन धडे वेगवेगळ्या पानांवर असतात, एक मराठ्यांच्या आरमारात आणि एक कंपनीच्या राज्यात. पाण्यावर मात्र ती एकच वाट होती. इथे मराठ्यांत फूट होती, तिथे नवाबाच्या दरबारात. दोन्हीकडे कुणीतरी घरातल्याच माणसाला धडा शिकवण्यासाठी बाहेरच्याला बोलावले होते.

तांडेलांचे म्हणणे

उतरताना धक्क्याजवळ एक वयस्क तांडेल जाळे दुरुस्त करत बसले होते. दादींनी सलाम केला, त्यांनी जबाब दिला आणि मग चहा आलाच. लेकीने वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी जळालेल्या जहाजांकडे पाहिले नाही. पाण्याच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवले आणि विचारले, "ह्येच्यात खोली खंय आसा?"

जेम्सची जहाजे वहीत होती, पण खोलीचे आकडे आमच्याकडे नव्हते. तांडेलांनी पेन्सिल घेतली. कुठे उथळ, कुठे खडक, मोठी होडी कुठल्या बाजूने आत घ्यायची, हे सांगत त्यांनी वावाचे आकडे घातले. काम करता करता म्हणाले, "पाणी वरसून सारख्याच दिसता मास्तर, पण खालसून तसा नसता."

मग आम्ही लेकीच्या मूळ प्रश्नाकडे वळलो. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान नावाचा मोठा सरदार होता. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर किल्ला बांधायचे काम मायनाक भंडारी याने सुरू केले. इंग्रज आणि जंजिऱ्याचे सिद्दी त्या बेटावरून मराठ्यांना हटवायला आले, तेव्हा दौलतखान मराठ्यांच्या बाजूने लढत होता. म्हणजे एका बाजूला दौलतखान, दुसऱ्या बाजूला सिद्दी कासिम. दोघेही नमाजी घरातले. आणि विजयदुर्गाच्या वेळी एका बाजूला आंग्रे, दुसऱ्या बाजूला पेशवे. ज्याने त्याने आपल्या धन्यासाठी, बंदरासाठी, जकातीसाठी लढाई केली. सिद्दीचा वारसा सांगायचा असेल तर दौलतखानाचाही सांगावा लागेल, आणि दोन्ही फक्त मुसलमानांचे नाहीत. ते या किनाऱ्याचे आहेत.

लेकीने सगळे ऐकून घेतले. पटले का, असे आम्ही विचारले नाही. तिने फक्त दौलतखानाचे नाव वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले, मराठीत आणि खाली उर्दूत.

जाणाऱ्यांसाठी

विजयदुर्ग पाहायचा तर पावसाळा टाळावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला. वयस्कांना सोबत नेत असाल तर सकाळी लवकर किंवा चारनंतर किल्ल्यात जावे, पायऱ्या सावकाश चढाव्यात. पाणी सोबत ठेवावे. मुलांना एक कोरी वही आणि पेन्सिल जरूर द्यावी. मोबाइलवर फोटो निघतातच, पण नकाशा काढायचा म्हणजे कुठली भिंत कुठल्या दिशेला आहे ते पाहावे लागते, आणि तिथूनच प्रश्न निघतात. मुक्काम केलात तर गोदी ओहोटीच्या वेळी पाहावी. आणि कुणी तांडेल भेटले तर त्यांना बोलते करावे. पुस्तकात नसलेली खोली त्यांच्याकडे आहे.

परत आल्यावर पुढच्या रविवारी आम्ही सोलापूरला गेलो. तिथला भुईकोट किल्ला बहामनी काळातला. एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. तुळाजी आंग्र्याच्या नावाची पाटी आम्हाला कुठे दिसली नाही. तुळाजीला कैदेत ठेवणाऱ्या पेशव्यांचे राज्यही विजयदुर्गानंतर ६२ वर्षांनी, १८१८ मध्ये संपले. त्या मे महिन्यात मन्रोच्या फौजेने हाच सोलापूरचा किल्ला घेतला. या वेळी जहाजांची गरज नव्हती. इंग्रज जमिनीवरून आले.

धाकटा तटावरून तलावाकडे बघत म्हणाला, "त्याला इथून एवढंच पाणी दिसत असेल."

लेकीने वहीत पाचवे पान उघडले आणि किल्ल्याची बाह्यरेषा काढायला घेतली. तलाव काढून झाल्यावर तिने विचारले, "अब्बा, ह्याची खोली किती असेल?" आम्ही तिथल्या बागेत काम करणाऱ्या मावशींना विचारायला निघालो.